उसने गाणे

आमच्या हुपरीत दिवस उजाडतो तो चांदीच्या कामाने. कोणी तार ओढतो, कोणी कड्या जोडतो, कोणी घुंगरू बसवतो; चार-पाच हातांतून फिरावे तेव्हा पैंजणांचा एक जोड पुरा होतो. या खटखटीत गेल्या वर्षापासून एक नवा आवाज मिसळला आहे. माझ्या पुतण्याने तीन मित्रांना जमवून बँड काढला आहे. बँड म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे वरातीतले लाल कोटवाले उभे राहतात; पण यांच्याजवळ दोन गिटारी, एक कीबोर्ड आणि एक ऑक्टोपॅड. सराव आमच्याच माडीवर. गणपतीत, जत्रेत, लग्नाच्या आदल्या रात्री ही पोरे वाजवतात. गाणी मात्र सगळी दुसऱ्यांची!

एकदा जेवताना मी बोलून गेलो, "लोकांची गाणी म्हणून पैसे घ्यायचे, ह्यात कसला रे मोठेपणा?"

हातातला घास तसाच ठेवून तो म्हणाला, "काका, तुम्ही घडवताय त्या पैंजणाचा नमुना तुमच्या डोक्यातनं आलाय काय?"

वहिनींनी त्याला दटावले. मी हसण्यावारी नेले. पण त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्याचे गाणे म्हणणे ही जर चोरी असेल, तर आपल्या देवळातली सारी भजनी मंडळे चोरच ठरतील. तुकोबांचे अभंग साडेतीनशेहून अधिक वर्षे गावोगाव गायिले जात आहेत. चाल कोणाची, गळा कोणाचा. पण शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' आल्याशिवाय अभंग पुरा होत नाही. गाणाऱ्याला धन्याचे नाव घ्यावेच लागते. संतांनी नाममुद्रा घातली ती कशासाठी, हे मी कोण सांगणार? पण तिने गाणाऱ्याचा प्रामाणिकपणा सांभाळला, एवढे खरे.

सिनेमाच्या गाण्यात अशी मुद्रा नसते. तेथे ते काम कायद्याला करावे लागते. आपला कॉपीराइटचा कायदा 1957 सालचा. 2012 साली त्यात दुरुस्ती झाली. जुन्या गाण्याचे नव्या गळ्यातून ध्वनिमुद्रण करायचे, तर मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबले पाहिजे, मानधन दिले पाहिजे आणि ही नवी आवृत्ती आहे असे वेष्टनावर छापले पाहिजे. म्हणजे कायदाही 'गाऊ नका' म्हणत नाही; 'लपवू नका' म्हणतो.

हा शब्द मनात आला आणि मी उठून बसलो. कारण मी लपवले होते.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पलीकडच्या गल्लीतल्या एका कारागिराने वेलबुट्टीचा नवा नमुना काढला होता. मी तो नजरेने टिपला आणि आठ दिवसांत तसाच जोड घडवला. व्यापाऱ्याने विचारले, "हा नमुना कुणाचा?" मी म्हणालो, "माझा." पुढे एकदा तो कारागीर आमच्याकडे आला. त्याने जोड उचलला, उलटा करून पाहिला, जागेवर ठेवला आणि चहा न घेता गेला. पुन्हा कधी आला नाही.

त्या जोडातली चांदी खरी होती, मेहनतही माझीच होती. खोटा होता तो एकच शब्द.

सकाळी पुतण्याला मी एवढेच म्हणालो, "गाण्याआधी ज्याचं त्याचं नाव घेत जा." यंदा नवरात्रात त्यांचा कार्यक्रम ऐकायला मी मुद्दाम पुढे बसलो. प्रत्येक गाण्याआधी तो कवीचे नाव सांगे, संगीतकाराचे सांगे. जन्माने कोल्हापूरचे असलेल्या सुधीर फडक्यांचे नाव आले, तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका लोकगीताला तो अडला. मग म्हणाला, "हे कुणी रचलं ते आम्हाला ठाऊक नाही. ज्यांनी रचलं, त्यांचं." आणि ते गाणे पोरांनी सर्वांत चांगले म्हटले.

तो कारागीर आता नाही. त्याचा मुलगा तेथेच काम करतो. या पाडव्याला त्याच्याकडे जायचे ठरवले आहे. काय बोलायचे, ते अजून जुळलेले नाही.