नैवेद्याचे ताट कोठून भरावे?

॥ रामकृष्ण हरि ॥

वारकरी बंधुभगिनींनो, आजच्या निरूपणास आम्ही जो विषय घेत आहोत तो ऐकून कोणी म्हणेल, "महाराज, परमार्थाच्या मासिकात हा बाजारहाट कशाला?" शंका रास्त आहे. परंतु पाहा, तैत्तिरीय उपनिषदात भृगू आपल्या पित्याकडे, वरुणाकडे, ब्रह्म विचारावयास गेला. पित्याने तप करावयास सांगितले. तप करून भृगूला पहिल्याने काय कळले? अन्न हेच ब्रह्म, हे कळले. पुढे प्राण, मन, विज्ञान आणि आनंद अशा पायऱ्या तो चढला हे खरे, पण पहिली पायरी अन्नाचीच. छांदोग्य उपनिषदही सांगते की आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते आणि अंतःकरण शुद्ध झाले की स्मरण स्थिर राहते. ज्या वारकऱ्याचे सारे साधन नामस्मरण, त्याने आपले अन्न कोठून येते, कोणाच्या हातून येते, हे विचारावयास नको काय?

तेव्हा आजचा सिद्धान्त एवढाच. होता होईल तो अन्न घरी शिजवावे, त्याचा शिधा गावच्या दुकानातून व आठवडे बाजारातून आणावा, आणि मोठ्या मॉलची वाट गरजेवाचून धरू नये.

आता हा मॉल म्हणजे काय, त्याचे मूळ पाहू. पूर्वी वाणी आत, गिऱ्हाईक बाहेर. यादी वाचावी, वाण्याने तोलून द्यावे. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस शहरी क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या व्यापाऱ्याने असे दुकान काढले, की गिऱ्हाइकाने स्वतःच आत हिंडावे, हवे ते टोपलीत घालावे आणि बाहेर पडताना पैसे द्यावेत. पुढे १९३७ साली ओक्लाहोमा शहरातील सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या ध्यानात आले, की टोपली हाताला जड झाली की माणूस खरेदी थांबवतो. मग त्याने चाकांची ढकलगाडी केली. गंमत अशी की आरंभी ती कोणी घेईना! तेव्हा त्याने पैसे देऊन माणसे ठेवली आणि त्यांना गाड्या ढकलत दुकानात फिरावयास लावले. ते पाहून लोकांनी गाड्या धरल्या.

सज्जनहो, हा नुसता इतिहास नव्हे, हा दृष्टान्त आहे. हात दुखू लागला म्हणजे देह सांगत होता, "पुरे." ते पुरे म्हणणेच त्या चाकांनी काढून घेतले. हातात मीठ-साखरेची यादी घेऊन गेलेला माणूस गाडी भरून परत येतो. संतांनी जन्मभर वासनेला आवर घाला म्हणून सांगितले, आणि येथे वासनेला चाके लावली आहेत!

बरे, त्या गाडीत असते काय? गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी आहाराचे तीन प्रकार सांगितले. त्यांत तामस आहाराचे पहिले लक्षण 'यातयाम' असे दिले आहे. याम म्हणजे प्रहर. शिजवून प्रहर उलटून गेला, रस निघून गेला, असे अन्न. आता घरात या शब्दाचा सरळ अर्थ लावून पाहा. प्रहर उलटलेल्या अन्नाला भगवंत नावे ठेवतात, आणि आपण सहा सहा महिन्यांचे पाकीट मुलाच्या हाती देतो.

कोणी म्हणेल, हे जुन्या पोथीतले बोलणे. तर नव्यांचे ऐका. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० माणसांवर प्रयोग झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. दोन आठवडे कारखान्यात घडवलेले अन्न आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न. साखर, मीठ, स्निग्धता दोन्हीकडे सारखी ठेवली होती आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. कारखान्याच्या अन्नावर तीच माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खाऊन गेली आणि वजनाने वाढली. साध्या अन्नावर उतरली. आपल्या देशाचे पाहाल तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत मधुमेही माणसांची संख्या १० कोटींच्या वर निघाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली १७ आहारनियम प्रसिद्ध केले. त्यांत देशातील रोगांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझे अयोग्य आहाराचे, असा अंदाज दिला आहे, आणि पाकिटावरचा मजकूर वाचा असेही सांगितले आहे. तो वाचण्याची एक खूण ध्यानात ठेवा. जो पदार्थ वजनाने सर्वांत अधिक, त्याचे नाव आधी छापावे असा कायदा आहे. गव्हाच्या म्हणून घेतलेल्या बिस्किटावर पहिले नाव मैद्याचे आणि त्याच्या मागोमाग साखर व पामतेल असेल, तर आपण मुलाला काय दिले ते आपले आपणच समजावे.

जनाबाईंच्या जात्यापाशी देव येऊन बसला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तिचा एक व्यवहारातला अर्थही आहे. ताजे दळण आणि शिळे दळण यांत फरक आहे. बाजरीत तेलाचा अंश असतो, म्हणून तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. आमच्या आयाबाया आठवड्यापुरतेच दळत. त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण जीभ ठाऊक होती. गावच्या गिरणीत डोळ्यांदेखत दळून आणलेले पीठ आणि डंकावर कुटून आणलेला मसाला यांत काय पडले हे आपण पाहिलेले असते. बंद पाकिटात नुसता विश्वास ठेवावा लागतो.

आता पूर्वपक्ष. पहिला आक्षेप, "महाराज, मॉलमध्ये स्वस्त पडते." काही जिन्नस स्वस्त पडतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण हिशेब वस्तूचा नको, महिन्याचा करा. स्वस्त मिळाले म्हणून जे नको होते ते किती आणले, तेही त्यात मिळवा. आणि दिलेला रुपया जातो कोठे, हेही पाहा. बाजारात मेथीची जुडी घेऊन बसलेल्या बाईच्या हाती दिलेला रुपया त्याच दिवशी गावातल्या शिंप्याकडे, औषधवाल्याकडे, मुलाच्या वहीकडे जातो. तो गावात फिरतो. दूरच्या कंपनीला दिलेल्या रुपयातला नफा गावात परतत नाही.

दुसरा आक्षेप, "गावचा दुकानदार मापात मारतो, भेसळ करतो." असे दुकानदार आहेत, आम्ही त्यांची वकिली करीत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात जाजलि नावाचा तपस्वी आहे. उभ्याने तप करता करता त्याच्या जटांत पाखरांनी घरटी केली, तेव्हा त्याला तपाचा अभिमान झाला. आकाशवाणीने त्याला काशीच्या तुलाधार वाण्याकडे पाठवले. त्या वाण्याची तागडी सर्वांना सारखी होती, हेच त्याचे तप! या मासिकाचे वाचक असलेल्या दुकानदार माळकऱ्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे, की गळ्यात तुळशीची माळ आणि हातात खोटी तागडी, हे पांडुरंगाला चालत नाही. गिऱ्हाइकाने मॉल सोडावा असे वाटत असेल, तर आधी आपले दुकान सोडू नये असे वागावे. आमचे तुकोबाराय वाणीच होते. दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावरही त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. प्रत्येकाने तेवढे करावे असे कोण म्हणेल? पण माप तरी खरे असावे.

आणि गावच्या दुकानाचा एक गुण संकटात कळतो. २०२० साली महामारीची टाळेबंदी झाली. त्या वर्षी आणि २०२१ सालीही पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी. ने पंढरीस गेल्या. त्या दिवसांत अनेक गावी वाण्याने उधारीची वही उघडून घरे जगवली. हातावर पोट असलेल्या माणसाला यंत्र उधार देत नाही, ओळखीचा माणूस देतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचे कोठार उघडले, ते भुकेलेली माणसे डोळ्यांसमोर दिसली म्हणून. जेथे देणारा आणि घेणारा एकमेकांचे तोंड पाहतात, तेथेच दया उपजते.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे, आणि तो भगिनींचा आहे. "महाराज, आम्ही शेतावर जातो, नोकरी करतो. घरी सगळे करायचे ते कोणी?" माउलींनो, तुमचे म्हणणे योग्य आहे. घरचे अन्न म्हणजे घरच्या बाईने एकटीने केलेले अन्न, असा अर्थ कोणी केला? प्रत्यक्ष जगन्नियंता जात्याच्या खुंट्याला हात लावतो, आणि घरचा यजमान लसूण सोलावयास लाजतो, हे कसे काय हो? दिंडीत पुरुष पाणी भरतात, भाजी चिरतात, पंगती वाढतात. ते हात घरी आल्यावर कोठे जातात? जो पुरुष पाकिटाचे अन्न नको म्हणतो, त्याने आधी विळी-पाटाशी बसावे. नाहीतर त्याचा उपदेश म्हणजे दुसऱ्याच्या पाठीवर ठेवलेले ओझे.

आणि घरचे अन्न म्हणजे रोज पंचपक्वान्न नव्हे. ज्वारीची भाकरी, पिठले, कांदा, शेंगदाण्याची चटणी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२३ हे वर्ष सगळ्या जगाने भरडधान्यांचे म्हणून पाळले. जगाने आता जिला गौरविले, ती भाकरी आमच्या दिंडीत कधीपासून आहे! एकादशीचेही तसेच. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपण हसण्यावारी नेतो, पण उपवासाच्या नावाने तळलेल्या कापांची पाकिटे फोडली म्हणजे ती खरी होते. थोडी वरी, शेंगदाण्याची आमटी, एखादे फळ, आणि उरलेला वेळ हरिपाठाला.

म्हणून नेम सांगतो, झेपेल तेवढा धरा. आठवड्याची भाजी आठवडे बाजारातून आणा आणि म्हातारीशी दोन रुपयांची घासाघीस करू नका. यादी लिहून दुकानात जा. पीठ, मसाला गावात दळा, कुटा. दिवसातून एक जेवण तरी सर्वांनी मिळून रांधावे, मिळून जेवावे. आणि सप्ताहाच्या प्रसादाला बिस्किटांचे पुडे नकोत. चुरमुरे, डाळे, गूळ-शेंगदाणे गावातच मिळतात.

शेवटी काल्याचा विचार करा. सप्ताहाची सांगता काल्याने का होते? प्रत्येक गोपाळाने आपापल्या घरची शिदोरी आणली, कोणाची ताजी, कोणाची शिळी, आणि देवाने ती सारी एक केली. पेंद्याच्या घरचे होते म्हणून त्याला गोडी होती. सगळ्यांनी एकाच कारखान्याचे एकसारखे पुडे आणले असते, तर कालवायचे काय, आणि देवाने मागायचे काय? घराघरांत चूल पेटती राहील, गावात बाजार भरता राहील, तरच काला राहील.

पांडुरंग सर्वांस तशी बुद्धी देवो.

॥ पुंडलीक वरदे हरि विठ्ठल ॥