फुलदाणी कोणाची?

आपल्यातल्या माणसानं ब्रश हातात घेतला तर त्यानं काय काढावं? आमच्या वरसे गावात यावर रात्र रात्र वाद झालेत. बहुतेक पोरांचं उत्तर ठरलेलं. जखम काढावी. झाडू, मडकं, जळालेली वस्ती. बाकी सगळे पांढरपेशांचे चोचले.

मला हे पटत नाही. का ते सांगतो.

जुलै १९४९. मुंबईत रॅम्पार्ट रोवर बॉम्बे आर्ट सोसायटीच्या लहानशा दालनात सहा जणांनी मिळून प्रदर्शन भरवलं. सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे आणि कृष्णाजी हौळाजी आरा. १९४७ साली जमलेला प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप तो हाच. उद्घाटन केलं मुल्कराज आनंदांनी, 'अनटचेबल' कादंबरीवाल्या. सूझा, रझा, हुसेन यांच्या चित्रांना पुढं कोटींचे भाव आले. आरांचं नाव मागं पडलं.

आरा १९१४ साली हैदराबादजवळ बोलारमला जन्मले. पोरवयात मुंबईला आले. लोकांच्या मोटारी पुसल्या, साहेबाच्या घरी नोकर म्हणून राबले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. चित्र काढायला बरंचसं आपलं आपणच शिकले. अभ्यासक त्यांना दलित म्हणतात. आणि या माणसानं ढिगानं काढलं काय? फुलदाण्या. फळं. टेबलावरची भांडी. उघड्या अंगाच्या बाया.

म्हणजे बघा, त्या दालनात आपली जखम लिहिणारा बाहेरचा होता, आणि ज्याला आपला म्हणावं तो फुलं काढत होता.

आता आमचा कार्यकर्ता म्हणेल, गेला, फितला. मी म्हणतो, थांब गड्या. दुसऱ्याच्या घरातली फुलदाणी नोकरानं पुसायची असते. तिच्याकडे बघत उभा राहिला तर शिवी बसते. तोच माणूस फुलदाणी समोर ठेवून तासन्‌तास बघतो, मनाला येईल तो रंग तिला देतो आणि खाली सही ठोकतो. ही लहान गोष्ट आहे का?

सहीवरून आठवलं. इकडं पेण-हमरापुरात गणपतीचे कारखाने आहेत. त्या देवाशी आपलं देणंघेणं नाही, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आहेत. पण डोळ्यांची आखणी करणाऱ्याचा हात एकदा बघाच. श्वास रोखून एक रेघ, मूर्तीला नजर येते. त्या रेघेखाली सही नसते. म्हणून तो कारागीर, रोजावरचा. दालनातला सहीवाला तेवढा कलावंत. रेघेत काय फरक आहे, मला कोणी दाखवावा.

जात ही नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांची वाटणी आहे, असं बाबासाहेब सांगून गेले. मला वाटतं ती डोळ्यांचीही वाटणी आहे. कमळ त्यांनी बघायचं, मढं आम्ही ओढायचं. आणि आम्हीच आमच्या पोरांना सांगणार, की बाबा, तू मढंच काढ?

चवदार तळं घ्या. महाड आमच्याच जिल्ह्यातलं, तेव्हाचा कुलाबा. १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ साली नगरपालिकेनं तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला ओंजळ भरली तेव्हा ते खरं खुलं झालं. त्याच डिसेंबरात बाबासाहेबांनी सांगितलं, की हे पाणी आजवर प्यायलो नाही म्हणून आपण मेलेलो नाही. आपणही माणसं आहोत हे दाखवायला तळ्यावर जायचं आहे. नुसत्या तहानेचा हिशेब तिथंही नव्हता.

उलट बाजू मला दिसते. नागपूरचे सवी सावरकर (आडनावावर जाऊ नका, माणूस आपला) यांनी पेशवाईतला अस्पृश्य काढला, गळ्यात मडकं घातलेला. ते त्यांनी काढलं नसतं तर कोण काढणार होतं? सगळेच फुलं काढत बसले तर मडकं विसरलं जाईल, हे खरंच आहे. पण सावरकरांना तो विषय कोणी नेमून दिला नव्हता. आणि जखम टांगली की आपोआप विद्रोह झाला, असंही नाही. पैसेवाला तीही विकत घेतो, सोफ्याच्या वर लावतो, पाहुण्यांना दाखवतो.

आरा १९८५ साली गेले. रॅम्पार्ट रोवरच्या आर्टिस्ट्स सेंटरचं काम त्यांनी बरीच वर्षं बघितलं. आमच्याकडं असलं दालन नाही, विहाराची भिंत आहे. चौदा एप्रिलला तिच्यावर पोरांची चित्रं लावायची आहेत, आणि विषय द्यायचा की नाही यावर कमिटीचं भांडण अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं, कागद द्या, रंग द्या, विषय देऊ नका. मागच्या खेपेला एका पोरीनं नुसती कुंडलिका काढली होती, नदीवर पडणारा पाऊस, बाकी काही नाही. यात चळवळ कुठाय, म्हणून ते चित्र दाराआड लावलं गेलं. यंदा ती पुन्हा काढतेय. तिचं चित्र समोरच्या भिंतीवर लागेस्तोवर मी कमिटीत भांडणार आहे.