अपुऱ्या दिवसांचे मूल आणि प्रारब्धाचा निवाडा

गर्भाचे सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वीच जे मूल जन्माला येते, त्याचे वजन किती, त्याला दूध पचते की नाही, याची चौकशी होण्याच्या आधीच आपल्या घरांतून एक निराळा प्रश्न उठतो, आणि तो उठविणारी माणसे पुष्कळदा श्रद्धाळू, सज्जन, बाळंतिणीवर मनापासून माया करणारी असतात : हे कोणत्या कर्माचे फळ? अकारण दुःखापेक्षा सकारण दुःख सोसणे मनुष्याला सोपे जाते, हे मी जाणतो; कर्मसिद्धान्ताने पिढ्यान्‌पिढ्या हा आधार दिला आहे. परंतु ज्या स्त्रीचा रक्तदाब चढला, हातापायांना सूज आली आणि केवळ दोन्ही जीव वाचावेत म्हणून जिची प्रसूती मुदतीपूर्वी करावी लागली, तिच्याकडून या आधाराची किंमत वसूल करणे हा उघड अन्याय आहे. संचिताचे दप्तर कोणाही मनुष्याच्या ताब्यात नाही. मग त्यावरून निवाडा देण्याचा अखत्यार शेजारणीला, सासूला किंवा पुरोहिताला कोठून प्राप्त झाला?

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात उत्तरेच्या पोटी परीक्षित निश्चेष्ट जन्मतो, तो प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. श्रीकृष्ण सूतिकागृहात शिरतो तेव्हा तेथे जलपूर्ण कुंभ आहेत, अग्नी प्रज्वलित आहे, परिचर्येला वृद्ध स्त्रिया आणि कुशल वैद्य सज्ज आहेत; ही व्यवस्था पाहून तो संतोष व्यक्त करतो. उत्तरेच्या पूर्वकर्माची झडती तो घेत नाही. स्वतःचे सत्य आणि स्वतःचा धर्म पणाला लावून तो त्या बालकाचे प्राण मागतो.

वचनप्रामाण्याचीही येथे कसोटी लागते. आठव्या महिन्यात ओज माता आणि गर्भ यांच्यामध्ये अस्थिर असते, म्हणून त्या महिन्यातील जन्म अनिष्ट, असे चरकसंहितेचे शारीरस्थान सांगते, आणि सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही, हा लोकसमज आजही ऐकू येतो. वस्तुस्थिती उलट आहे : गर्भाशयात लाभलेला प्रत्येक अधिक आठवडा मुलाच्या जगण्याची शक्यता वाढवितो. ज्या ऋषींनी निरीक्षणाला प्रमाण मानले, त्यांचा मान राखण्यासाठीच ही दुरुस्ती स्वीकारली पाहिजे.

मग दुधाचा प्रश्न येतो, आणि आईची खरी परीक्षा येथेच होते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारणतः चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तोवर नळीने, पुढे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दूध द्यावे लागते. मूल अंगावर ओढत नाही यात त्याचा हट्ट नसतो, आईचा दोष तर नसतोच. पहिला पिवळसर चीक अशुद्ध म्हणून पिळून टाकण्याची रूढी काही घरांत अद्याप आहे. ज्या जीवाला त्याची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच तोंडचा तो घास आपण धर्माच्या नावाने काढून घेतो. आणि दूध उतरलेच नाही तर? मुंबईत शीव येथील महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 साली मातृदुग्धपेढी सुरू झाली. परक्या स्त्रीचे दूध कसे चालेल, असे विचारणाऱ्यांच्या देवघरात यशोदेचा कृष्ण बसलेला असतो, याचे मला फार नवल वाटते.

कोलंबियातील बोगोटा शहरी 1978 च्या सुमारास, उबेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून, डॉ. एद्गार रे यांनी अशा मुलांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत सुरू केली, आणि ती आता जगभर मान्य झाली आहे. आपल्याकडे नेमक्या याच दिवसांत सोयर म्हणून बाळंतिणीला शिवत नाहीत. जिच्या घरी असे मूल आले असेल, त्या घराला माझी विनंती एवढीच आहे की, तिच्याकडे कैफियत मागू नका. हात स्वच्छ धुऊन, वैद्याच्या सल्ल्याने, बापाने, आजीने, मावशीने आळीपाळीने ते मूल छातीशी धरावे आणि तेवढा वेळ तिला झोपू द्यावे.