पहिली सुई कोणाच्या हाताला?

काही वर्षांपूर्वी आमची आई पोटाच्या दुखण्यामुळे शहरातल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात बारा दिवस होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांची फेरी आली. त्यांच्या मागे आठ-नऊ विद्यार्थी, प्रत्येकाच्या गळ्यात नवाकोरा स्टेथोस्कोप. सरांनी आईच्या पोटावरची एक जागा दाखवली आणि मुले एकामागून एक हात लावून यकृताची कड चाचपू लागली. पडदा कोणी ओढला नव्हता. आईने डोळे मिटून घेतले होते. शेवटी एका मुलीची पाळी आली. तिने आधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि विचारले, "आजी, दुखतंय का? मी हात लावू?" आईने डोळे उघडले. म्हणाली, "लाव बाळा. विचारलंस ते बरं केलंस."

संध्याकाळी डबा घेऊन गेलो तेव्हा हे सारे शेजारच्या खाटेवरच्या बाईंकडून कळले आणि आम्ही भावंडे चिडलो. एवढ्या जणांनी पोट दाबले, तू नको का म्हणाली नाहीस? आई म्हणाली, "खाट फुकटची, औषध फुकटचं. नको कसं म्हणायचं?" मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "आणि ती पोरं शिकणार तरी कुठे?"

ही दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. आज आपल्यासमोर विचारासाठी ठेवतो आहोत ती हीच अडचण.

कोणताही डॉक्टर जन्मतः डॉक्टर नसतो. त्याच्याही आयुष्यात पहिली सुई असते, पहिला टाका असतो, पहिले बाळंतपण असते. हे पहिलेपण कोणाच्या तरी देहावर घडते. आपल्या परळ-दादर भागात ते बहुतेक वेळा केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात, म्हणजे ज्याला दुसरीकडे जाणे परवडत नाही अशा माणसाच्या देहावर घडते. पुढे हेच डॉक्टर नामांकित होतात, गिरगावात किंवा दादरला दवाखाना थाटतात, आणि ज्यांना फी देता येते असे आपल्यासारखे लोक त्यांच्या कुशल हाताचा लाभ घेतात. तो हात कोणी कुशल केला, हा प्रश्न बिल भरताना आपल्या मनात येत नाही.

आपल्या शहराचा यातला इतिहास जुना आहे. भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. पुढे तिथे भारतीय मुले शिकत, पण शिकवण्याच्या मुख्य जागा गोऱ्या सरकारी डॉक्टरांकडे असत. म्हणून परळला सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजासाठी देणगी देताना विश्वस्तांनी अट घातली, की येथे शिकवणारे भारतीयच असतील. १९२६ साली ते कॉलेज आणि केईएम रुग्णालय उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, ते तिथले पहिले डीन. पैसा देणाऱ्याने इमारतीवरच्या नावाबरोबर 'शिकवणार कोण' याचाही आग्रह धरावा, ही दूरदृष्टी फार मोठी होती.

पण शिकणार कोणावर, हा प्रश्न त्या अटीत नव्हता. उत्तर आजूबाजूलाच होते. चाळींत राहणारे, क्षयाने खोकणारे, कापसाच्या धुळीने छाती भरलेले गिरणी कामगार. लालबाग-परळच्या कामगारांच्या छातीला कान लावून डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या शिकल्या. गिरण्या गेल्या, तिथे टॉवर आले. त्या डॉक्टरांच्या हाताचे कसब मात्र अजून शहराच्या कामी येते आहे.

याच परळमध्ये एक वेगळे उदाहरणही आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवीला तो ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस मूळचे गोव्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजातच शिकलेले. त्यांचा पुतळा धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर आपण जाता-येता पाहतो. त्याच वेळी वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ ग्रँट कॉलेजातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस पहिल्यांदा टोचली ती स्वतःच्या देहात. ताप आला, वेदना झाल्या, त्या त्यांनी सोसल्या. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना टोचली. कैदी स्वखुशीने पुढे आले असे सांगतात. तुरुंगातल्या माणसाची खुशी किती खुशी असते, हे विचारण्याजोगे आहे. आईच्या 'नको कसं म्हणायचं' याचेच ते जुने रूप. तरीही जे दुसऱ्याला सोसायला लावायचे ते आधी स्वतः सोसले, ही गोष्ट हाफकिनच्या बाजूने राहतेच. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आता वैद्यकीय शिक्षणात पुष्कळ नवे येत आहे. २०१९ साली प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपासून देशभर एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्याआधीचा १९९७ चा होता. नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा विषय पहिल्या वर्षापासून ठेवला आहे. रुग्णाची परवानगी कशी घ्यावी, वाईट बातमी कशी सांगावी, हे वर्गात शिकवायचे. कॉलेजात स्किल लॅब असावी असाही नियम आहे. तिथे रबराच्या हातावर सुई टोचून पाहायची, पुतळ्याच्या छातीवर दाब देऊन पाहायचे, आणि हात बसला की मगच माणसाकडे जायचे. आम्हाला यात यंत्राच्या कौतुकापेक्षा न्यायाची गोष्ट मोठी वाटते. पहिल्या दहा चुका ज्या वॉर्डातल्या गरीब बाईच्या शिरेवर होत होत्या, त्या आता रबरावर होतील. याहून चांगली सुधारणा कोणती?

पण रबराचा हात 'आई गं' म्हणत नाही. त्याला थंड हाताचा त्रास होत नाही, त्याला लाज नसते. तळवे चोळून गरम करणे त्या मुलीला पुतळ्याने शिकवले नसणार. तिने ते कोणाचे तरी पाहिले असेल, आणि नीती बहुधा अशी पाहूनच येते. फेरीच्या वेळी सरांनी पडदा ओढला तर मुले पडदा ओढायला शिकतात; सरांनी खाटेवरच्या बाईला 'ते लिव्हरचं पोट' म्हटले तर मुलेही तसेच म्हणू लागतात. मग वहीत नीतीच्या तासाची सही असली काय आणि नसली काय!

म्हणून आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो शिक्षकांना शिकवण्याचा प्रयत्न. उत्तम शस्त्रक्रिया करणारा माणूस उत्तम शिकवेल असे आपण पिढ्यानपिढ्या गृहीत धरले. कसे शिकवायचे हे त्याला कोणी शिकवले नाही. परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात २००५ साली, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या 'फायमर' या संस्थेच्या साहाय्याने, वैद्यकीय शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. निरनिराळ्या कॉलेजांतले प्राध्यापक तेथे येतात, पुन्हा विद्यार्थी होतात, आणि आपल्या कॉलेजात अध्यापनाचा एखादा बदल करून पाहतात. पन्नाशीला आलेल्या प्रोफेसरांनी 'मला शिकवता येत नाही, मला शिकवा' म्हणायला मोठे मन लागते. पुढारीपण म्हणतात ते आम्हाला यात दिसते. भाषणे करणारे पुढारी आपल्याकडे पुष्कळ आहेत.

परीक्षेच्या पद्धतीतही फरक पडला आहे. १९७५ च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या डंडी येथे एक पद्धत निघाली. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या मिनिटांत एक काम करतो, आणि परीक्षक ते समोर बसून पाहतो. रुग्णाला नमस्कार केला का, काय करणार ते सांगितले का, त्यालाही गुण असतात. गुणांसाठी केलेला नमस्कार खरा असतो का, अशी शंका येते. पण शंभर वेळा गुणांसाठी केलेला नमस्कार एकशेएकाव्या वेळी सवयीने होत असेल, तर आमची तक्रार नाही. आपणही लहानपणी प्रार्थना अशाच शिकलो.

एक गोष्ट मात्र कोणत्याच स्किल लॅबने सुटत नाही. डॉक्टरकीची सुरुवात शरीररचनेने होते आणि तिला मृत मानवी देह लागतो. इंग्लंडमध्ये १८३२ साली कायदा झाला, तेव्हापासून बेवारस गरिबांचे देह कॉलेजांकडे जाऊ लागले. आपल्याकडेही १९४९ च्या मुंबई शरीररचना कायद्याने बेवारस देह देण्याची सोय झाली. म्हणजे जिवंतपणी ज्याला कोणी विचारले नाही, त्याला मेल्यावरही विचारायचे कारण पडले नाही. हल्ली कॉलेजांत पहिल्या दिवशी विद्यार्थी त्या देहासमोर उभे राहून आदराची शपथ घेतात. चांगली प्रथा आहे. पण त्या टेबलावर आपल्यापैकी कोणी का नसावे?

आमच्या आईने हा प्रश्न स्वतःच सोडवला. रुग्णालयातून घरी आल्यावर वर्षभराने तिने देहदानाचा फॉर्म मागवला. आधी ती फादरांकडे गेली. ख्रिस्तसभेला देहदान मान्य आहे, मिस्सा अर्पण करता येते, आणि नंतर उरलेले अवशेष आदराने मातीत जावेत एवढीच अपेक्षा असते, असे फादरांनी तिला सांगितले. तिचे समाधान झाले.

आमचे झाले नाही. शिवडीच्या दफनभूमीत बाबा आहेत. दोन नोव्हेंबरला आम्ही सारे मेणबत्त्या घेऊन तिथे जातो. पुढे आईसाठी मेणबत्ती लावायची कुठे? फॉर्मवर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, त्यातली एक घरच्यांपैकी कोणाची. शेजारच्या काकांनी त्यांची सही लगेच केली. आम्ही, ज्यांनी एवढा वेळ न्याय-अन्याय सांगितला, ते आमचीच जागा कोरी ठेवून बसलो आहोत. फॉर्म वेदीखालच्या खणात आहे. रविवारी मिस्साहून आल्यावर आई चपला काढता काढता विचारते, "काय रे, पेन सापडलं का?"