श्वास हिरावण्यापूर्वी

रेवदंड्याच्या खाडीत नांगर अडकला, की तो सोडवायला उतरणारा कोळी आधी छाती भरून घेतो. बुडी त्याची स्वतःची असते. पण दुसऱ्याला बुडी घ्यायला लावणाऱ्याचे कर्तव्य काय? हा प्रश्न रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात रोज उभा राहतो.

अत्यवस्थ रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी त्याला झटपट भूल देऊन स्नायू लुळे पाडणारे औषध टोचतात. म्हणजे जो श्वास वाचवायचा, तोच आधी थांबवायचा! नळी बसेपर्यंत रुग्ण फुफ्फुसांतील साठ्यावरच जगतो. हवेत प्राणवायू अवघा २१ टक्के असतो. घट्ट मास्कमधून ३ मिनिटे शुद्ध प्राणवायू दिला, की फुफ्फुसांतील नायट्रोजनची जागा तो घेतो. निरोगी प्रौढाला त्यामुळे एक-दोन मिनिटांऐवजी सुमारे ८ मिनिटांची सवड मिळते. गर्भवती, बालके आणि स्थूल माणसे यांना ती पुष्कळच कमी मिळते.

आजारी फुफ्फुसांत तर साठ्याला जागाच उरत नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातील लाल विंचवाचा दंश हे त्याचे उदाहरण. त्यात फुफ्फुसांत पाणी भरते, तोंडाला फेस येतो. १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीत डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे केली. पुढे प्राझोसिन या औषधाने कित्येकांचे प्राण वाचविले. नळीची वेळच येऊ न देणे, हीही पूर्वतयारीच होय.

ती वेळ आलीच, तर उशाकडची बाजू उंच करावी, नाकातून प्राणवायू चालू ठेवावा. अमेरिकेतील १३०१ रुग्णांच्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या मास्कने प्राणवायू दिलेल्या १८.५ टक्के रुग्णांच्या रक्तातील प्राणवायू धोकादायक पातळीला घसरला. यंत्राच्या दाबाने दिलेल्यांत हे प्रमाण ९.१ टक्के होते.

कोणी म्हणेल, प्राण कंठाशी आले असता तीन मिनिटे थांबायचे कसे? श्वास थांबलेलाच असेल, तर थांबता येत नाही, हे खरे. तेथे डॉक्टर पिशवी दाबून प्राणवायू देतात. परंतु श्वास चालू असता केलेली घाई ही तत्परता नव्हे. रुग्णाने आपला श्वास विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिलेला असतो. जे काढून घ्यायचे, त्याची भरपाई आधी करावी, हे त्या विश्वासाचे ऋण आहे.

ते आपल्यालाही चुकत नाही. दाराबाहेर उभे राहून आपण पुटपुटतो, "नुसता मास्क धरून बसलेत, काही करीत का नाहीत?" पुढच्या वेळी एवढे ध्यानी ठेवू, की त्या मिनिटांतच आपल्या माणसाच्या जगण्याची तरतूद चालली आहे.