पुराव्याचे ओझे

राष्ट्राराष्ट्रांच्या व्यापारात विज्ञानाला न्यायासनावर बसविले गेले, ते त्याच्या निःपक्षपातीपणावरील श्रद्धेमुळे. जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ पासून अमलात असलेला एक करार सांगतो की, आपली माणसे, पशू आणि वनस्पती यांचे रोगराईपासून व किडींपासून रक्षण करण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. मात्र त्यासाठी परक्या मालाला दार बंद करावयाचे, तर शास्त्रीय पुरावा पाहिजे.

या नियमाच्या दोन्ही बाजूंना आपला देश उभा राहिलेला आहे. फळमाशी आढळल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात थांबविली. त्यात कोकणचा हापूसही आला. आपल्याला तो अन्याय वाटला. पुढे निर्यातीपूर्वीची तपासणी सुधारली आणि २०१५ च्या आरंभी बंदी उठविण्याचा निर्णय झाला.

त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या एका वादाचा अंतिम निकाल लागला. बर्ड फ्लू आढळलेल्या देशांतून येणारे कोंबडीचे मांस व अंडी यांना भारताने बंदी केली होती आणि अमेरिकेने त्याविरुद्ध दाद मागितली होती. निकाल आपल्याविरुद्ध गेला. धोक्याचे रीतसर मूल्यमापन आपण केलेले नव्हते, हे एक कारण. दुसरे असे की, परदेशात रोग कोठेही आढळला तरी त्या साऱ्या देशाचा माल वर्ज्य, स्वदेशात मात्र रोगस्थळाभोवतीच्या परिघापुरतेच निर्बंध.

पहिले कारण विज्ञानाचे आहे; दुसरे नीतीचे. धोका किती, हे विज्ञान सांगेल. तो किती पत्करावा, हे ज्याने त्याने ठरवावयाचे. करारही ते त्या त्या राष्ट्रावरच सोपवितो. परंतु पुरावा फुकट मिळत नाही. त्याला प्रयोगशाळा लागतात, तज्ज्ञ लागतात, वर्षे लागतात. ज्याच्यापाशी ही सामग्री नाही, त्याची रास्त भीतीही न्यायासनापुढे मुकी ठरते. म्हणून पुराव्याचे ओझे सर्वांच्या खांद्यावर सारखेच टाकणे हा पूर्ण न्याय नव्हे, ही तक्रार मला खरी वाटते.

तथापि तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. प्रयोगशाळा नसणे हे दारिद्र्य आहे. घरच्याला एक माप आणि परक्याला दुसरे लावणे याला दारिद्र्याची सबब चालणार नाही. टिपणीत 'शास्त्रीय कारणास्तव' असे लिहिताना हाच नियम आपण आपल्या माणसाला लावला असता काय, एवढे विचारण्यास कोणतीही प्रयोगशाळा लागत नाही.