ओले सरपण

सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो, आणि बोरिवलीहून वा मुलुंडहून निघालेल्या लोकलमध्ये कितीतरी माना मोबाईलवरच्या आलेखावर झुकतात. भाव दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वर आहे, म्हणजे कल चढा. मागे याच पातळीला आधार मिळाला होता, आताही मिळेल. मागच्यावरून पुढचे ताडणे हा सट्टेबाजांचा नवा शोध नाही. आपल्या दर्शनांनी याला अनुमान म्हटले आणि त्यावर शतकानुशतके वाद घातला. चार्वाकांचा आक्षेप असा की पाहिलेल्या चार उदाहरणांवरून न पाहिलेल्या पाचव्याची खात्री देता येत नाही. न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या नैयायिकांनी त्यावर दिलेले उत्तर मला आजही पटते: अशी शंका घेणाराही धूर हवा असला की आगच पेटवतो, आणि आपल्याच वागण्याशी विरोध आला की शंकेला तिथे थांबावे लागते. म्हणून ‘भूतकाळावरून भविष्य कळत नाही’ एवढे म्हणून आलेख उडवून लावणे मला अन्यायाचे वाटते. उद्या लोकल येईल हेही आपण कालवरूनच मानतो.

पण नैयायिक इथे थांबले नाहीत. धूर दिसला की आग असतेच. मात्र आग दिसली म्हणून धूर असेलच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग आहे, धूर नाही. आगीबरोबर धूर येतो तो सरपण ओले असेल तेव्हा. या लपलेल्या अटीला त्यांनी उपाधी म्हटले. जन्मभर ओल्या लाकडांच्याच चुली पाहिलेल्या माणसाला आग आणि धूर यांचा संबंध अतूट वाटतो, आणि त्याने पाहिलेले एकही उदाहरण खोटे नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की आलेख वाचणाऱ्याने कल किती वेळा टिकला हे मोजण्याआधी तो कशाच्या जोरावर टिकला हे विचारावे. सरपण कुठले?

हा प्रश्न सर्वांत उघडा पडतो तो तेल-वायूच्या रॉयल्टी ट्रस्टमध्ये. अमेरिकेत १९८० साली पर्मियन बेसिन आणि सान ह्वान बेसिन हे ट्रस्ट निघाले. परदेशी शेअर घेण्याची वाट खुली झाल्यापासून ते आपल्या उपनगरांतल्या गुंतवणूकदारालाही हाताशी आले आहेत. असा ट्रस्ट सहसा नवी विहीर खोदत नाही, नवे क्षेत्र घेत नाही. ठरलेल्या क्षेत्रातून येणारी रॉयल्टी खर्च वजा करून वाटून टाकतो. म्हणजे हाती पडणाऱ्या पैशात थोडी फळे असतात आणि थोडे झाडाचे लाकूडही. आता आलेखावर आधाराची आडवी रेघ ओढा. ती रेघ गृहीत धरते की दहा वर्षांपूर्वी त्या भावाला जी वस्तू मिळत होती तीच आज मिळते आहे. बौद्ध तार्किक दिव्याच्या ज्योतीचा दाखला देत: ‘तीच’ वाटणारी ज्योत क्षणाक्षणाला वेगळी असते. घाटकोपरच्या स्वयंपाकघरात पाइपच्या गॅसवर जळणारी निळी ज्योत संध्याकाळभर एकच दिसते. तिच्यात जळून गेलेला वायू मात्र परत येत नाही.

बीपी प्रुढो बे ट्रस्टचे उदाहरण याहून बोलके आहे. अलास्कातल्या तेलावर १९८९ साली तो उभा राहिला. २०२२ मध्ये तेल महागले तसा त्याचा भाव जोरात चढला. मग २०२३ आणि २०२४ या सलग दोन वर्षांत उत्पन्न दहा लाख डॉलरच्या खाली गेले आणि करारातल्या अटीप्रमाणे ट्रस्टचा शेवट झाला. तेल संपले नव्हते. रॉयल्टी काढताना वजा करायचा खर्च दरवर्षी वाढवत नेणारे सूत्र करारातच होते. सरपण होते ते त्या कलमात, आणि ते आलेखावरच्या कुठल्याही मेणबत्तीत (कँडलस्टिकमध्ये) दिसत नाही.

आपल्या समुद्रातले मुंबई हाय १९७४ साली सापडले, १९७६ मध्ये तेल येऊ लागले, आणि ऐंशीच्या दशकानंतर त्याला उतार लागला. तरीही ओएनजीसीचा आलेख ट्रस्टच्या आलेखासारखा वाचता येत नाही. कंपनी नव्या विहिरी खोदू शकते; जुन्या क्षेत्रातून अधिक तेल काढण्यासाठी तिने जानेवारी २०२५ मध्ये बीपीची तांत्रिक मदत घेतली. शिवाय जुलै २०२२ मध्ये तेलावर लागलेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये उठलेला विशेष कर दिल्लीत ठरला होता. दोन्हींच्या आलेखांत रेघा सारख्या पडल्या तरी त्यांच्या उपाध्या निराळ्या आहेत.

आलेखवादी म्हणतील, भावात सारे काही आलेलेच असते. तसे असेल तर कालच्या भावाची रेघ आणखी काय सांगणार? त्यांचे दुसरे उत्तर अधिक भक्कम आहे: बातमी लोकांच्या गळी हळूहळू उतरते, म्हणून कल काही काळ टिकतो. हे मी मान्य करतो. जेगदीश आणि टिटमन या अभ्यासकांनी १९९३ साली अमेरिकी शेअरांत तीन ते बारा महिन्यांपुरता असा कल दाखवून दिला. पण मग व्याप्ती, म्हणजे तो न तुटणारा संबंध, माणसांच्या मंदगतीची झाली, तेलाची नव्हे, आणि तिची मुदत महिन्यांची आहे. निवृत्तीनंतर वर्षानुवर्षे पैसे येत राहावेत म्हणून युनिट घेणाऱ्याला तेवढ्याने भागत नाही. जमिनीखाली अंदाजे किती उरले आणि करार कधी, कसा संपतो, हे त्याने ट्रस्टच्या वार्षिक अहवालात वाचायला हवे. आणि तेही दरवर्षी नव्याने.